खिंड लढविणाऱ्यांचा हिशेब

रणभूमीने मराठीला जे वाक्प्रचार दिले, त्यांत ‘खिंड लढविणे’ या शब्दांना मोठा मान आहे. विधिमंडळात एकाकी पडलेला सदस्य, पडझडीनंतर उभा राहिलेला तळाचा फलंदाज, दोन टेबलांचे काम उपसणारा कारकून, या साऱ्यांच्या वाट्याला ही शाबासकी येते. तथापि ज्या प्रसंगातून हे शब्द आले, त्याचा अर्धा अर्थ वापरता वापरता गळून पडला आहे.

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले. पाठलाग जवळ येताच बाजीप्रभू देशपांडे मोजक्या मावळ्यांनिशी घोडखिंडीत थांबले. चिंचोळ्या वाटेत शत्रूचे संख्याबळ निरुपयोगी ठरते, हे त्यामागचे शास्त्र. त्यांच्याकडून विजयाची अपेक्षा नव्हती. हवा होता तो वेळ. महाराज गडावर पोहोचल्याचा तोफांचा इशारा होईपर्यंत खिंड धरायची, हा परंपरेने सांगितलेला संकेत म्हणजे त्या लढाईची मर्यादाच होती. पन्हाळा त्या वर्षी सोडावा लागला. पण १६७३ मध्ये तो परत आला आणि पुढल्याच वर्षी राज्याभिषेक झाला. खिंडीत रक्त देऊन मिळविलेला वेळ सत्कारणी लागला.

पिछाडीच्या लढाईचे यश पिछाडीवर अवलंबून नसते, ते पुढे गेलेल्यांवर असते. मे १९४० च्या अखेरीस लील शहरात कोंडल्या गेलेल्या फ्रेंच तुकड्यांनी जर्मन फौजा काही दिवस अडकवून ठेवल्या. तिकडे डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक सुटले. याउलट जानेवारी १७७९ मध्ये तळेगावहून माघार घेणाऱ्या इंग्रज फौजेची पिछाडी कॅप्टन हार्टलीने शर्थीने सांभाळली. परंतु मुख्य फौजेलाच सुरक्षित ठिकाण उरले नव्हते. अखेर वडगावला मराठ्यांपुढे मान तुकवून करार करावा लागला. शौर्य होते, पण ते ज्यासाठी खर्च व्हावे, ते ठिकाणच नव्हते.

इंग्रजीत ‘रिअरगार्ड अ‍ॅक्शन’ हा शब्दप्रयोग बहुधा हरलेल्या पक्षाच्या हट्टाला लावतात. मराठीत खिंडीला गौरवाचे वलय आहे. एक भाषा कीव करते, दुसरी आरती ओवाळते. पण खिंडीतला माणूस कोणासाठी आणि किती वेळ थांबला आहे, हा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. एकशिक्षकी शाळेत एकाच वेळी चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना ‘तुम्ही खिंड लढवीत आहात’ असे म्हणणे सोपे असते. त्याला एक पैसाही लागत नाही. रिक्त जागा भरेपर्यंत सहा महिने ताण सोसावा, ही मागणी रास्त ठरू शकते. मात्र जागा भरण्याचा विचारच नसेल, तर ती खिंड नव्हे, निव्वळ कोंडी होय. त्यागाची स्तुती हा तेथे मदत न पाठविण्याचा सभ्य मार्ग होऊन बसतो.

बाजीप्रभूंना तोफांची वाट पाहावी लागली, पण तोफा डागण्याची जबाबदारी कोणीतरी घेतलेली होती. आजच्या खिंडींत उभ्या असलेल्यांना मानपत्र देण्यापूर्वी तोफ कोण डागणार आणि केव्हा, एवढे तरी त्यांना सांगितले पाहिजे.