कंपवाताच्या माणसाला तालाचा आधार

माझे मामा शेतकरी. उभा जन्म औतामागे गेलेला. साठीच्या पुढे त्यांची चाल बदलली. पावले आखूड पडू लागली. चालताना डावा हात हलेनासा झाला. माजघरातून ओटीवर यायला निघाले, की उंबरठ्याशी दोन्ही पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. मागून मामी म्हणायची, "अहो, चला ना पुढं! दारात काय उभं राहायचं?" मामा म्हणायचे, "अगं, पाय उचलत न्हाईत." मामीला ते खरे वाटत नसे. कारण हेच मामा एकादशीला देवळात भजनाला उभे राहिले आणि टाळ-मृदंगाचा ठेका सुरू झाला, की पावली धरत. एक पाय पुढे, एक मागे, अगदी तालात! मग घरात कुजबुज होई, "देवळात नाचता येतं, आणि घरात चालता येत नाही? सोंग आहे झालं!"

श्रोते हो, ते सोंग नव्हते. तो कंपवात होता. डॉक्टर त्याला पार्किन्सन्सचा आजार म्हणतात. घरच्यांना हे उमगेपर्यंत तीन वर्षे गेली, आणि त्या तीन वर्षांत मामा बोलायचे कमी झाले. आज मला त्याच कोड्याविषयी सांगायचे आहे. ज्या पायांना उंबरठा ओलांडवत नाही, त्याच पायांना ताल कसा चालतो? आणि या गोष्टीचा उपयोग करून घेऊन जगात ठिकठिकाणी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग कसे चालतात?

प्रथम आजार समजून घेऊ. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या दुखण्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. पुढे त्यांचेच नाव या आजाराला मिळाले. आपल्या मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती योग्य मापाची ठेवणे आणि सरावाची कामे आपोआप होऊ देणे, यासाठी हे द्रव्य लागते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. बाहेर लक्षण दिसू लागते, तोवर त्यांचा बराच मोठा भाग कामातून गेलेला असतो.

लक्षण म्हणजे नुसता कंप नव्हे, बरे का! हात मांडीवर स्वस्थ ठेवला असता बोटे जपमाळ ओढल्यासारखी हलतात, हे खरे. पण कित्येकांना कंप फारसा नसतोच. हालचाल मंदावते. अंग ताठते. अक्षर बारीक होत जाते. आवाज खाली जातो. चेहऱ्यावरचे भाव आटतात, आणि लोकांना वाटते, माणूस गर्विष्ठ झाला. वास येईनासा होणे आणि बद्धकोष्ठ ही तर कधी कधी कैक वर्षे आधीची खूण असते. हा आजार बहुधा उतारवयात येतो. पण चाळिशी-पन्नाशीतही येऊ शकतो. तो संसर्गाने पसरत नाही. शेजारी बसल्याने कुणाला होत नाही.

आता मामांच्या कोड्याकडे वळू. जुना, सरावलेला बैल पाहा. सकाळी जुंपला, की तास धरून आपसूक चालतो. दर पावलाला "चल" म्हणावे लागत नाही. आपले चालणेही तसेच आहे. बाजाराला निघालो, की डोक्यात भाजीचे भाव असतात; पाय आपले चालत राहतात. कंपवातात ही आपसूक चाल बिघडते. पायात बळ असते. चालावे कसे, हेही मेंदू विसरलेला नसतो. पण "आता पाऊल टाक" हा आतला हुकूम वेळेवर सुटत नाही. अरुंद दार, वळण, उंबरठा, गर्दी अशा जागी तर पाय हमखास थबकतात.

मात्र मेंदूत या कामाला एकच वाट नाही. बाहेरून खूण मिळाली, तर दुसऱ्या वाटेनेही हालचाल सुरू करता येते. ही खूण डोळ्यांची असेल, कानांची असेल. जमिनीवर हातभर अंतराने खडूच्या आडव्या रेघा मारल्या, तर थबकणारा माणूस एकेक रेघ ओलांडत चालू लागतो. ठेका वाजला, तर पुढची थाप केव्हा पडणार हे कानाला आधीच ठाऊक असते, आणि पाय त्या थापेवर पडतो. आतला हुकूम सुटत नाही, तिथे बाहेरचा ताल हुकूम देतो. देवळात मामा चालत होते ते याच वाटेने. घराच्या उंबरठ्याशी मृदंग नव्हता, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट डॉक्टरांना फार दिवसांपासून ठाऊक होती. पण नर्तकांनी ती हाती घेतली ती २००१ साली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन नावाचा भाग आहे. तिथे मार्क मॉरिस या नृत्यदिग्दर्शकाची नृत्यसंस्था आहे. ब्रुकलिनमधल्या पार्किन्सन्सच्या रुग्णांचा एक गट होता. तो चालवणाऱ्या ऑली वेस्टहायमर या बाईंनी या संस्थेपुढे एक कल्पना मांडली. त्यांचे म्हणणे असे, की नर्तक आयुष्यभर काय करतो? ज्या हालचाली लोक न कळत करतात, त्या तो मन लावून, तालावर, मनात चित्र उभे करून करतो. कंपवाताच्या माणसालाही तेच शिकायचे आहे. मग त्याने नर्तकाकडूनच का शिकू नये? डेव्हिड लेव्हेन्थाल आणि जॉन हेगिनबॉथम या दोन नर्तकांनी वर्ग सुरू केला. पुढे ही पद्धत २५ हून अधिक देशांत पोचली.

आपल्याकडेही ती आली. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकाने २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाचा रुग्णांचा व त्यांच्या घरच्यांचा स्वमदत गट आहे. त्याचे सभासद या वर्गांना जात. ज्यांनी जन्मात कधी नाच केला नव्हता, अशी साठी-सत्तरीची मंडळी त्यांत होती.

असा वर्ग चालतो कसा? तुम्ही म्हणाल, ज्याला उभे राहण्याची पंचाईत, तो नाचणार कसा? तर आरंभ होतो खुर्चीवर. सगळे गोल करून बसतात. संगीत सुरू होते. बसल्या बसल्या हात वर, हात बाजूला, मान, खांदे, पावलांचा ठेका. "हात उचला" असे शिक्षक म्हणत नाही. तो म्हणतो, "झाडावरचं फळ काढा", "पेरणीला मूठ टाका". असे चित्र डोळ्यांपुढे आले, की आखडलेला हात एरवीपेक्षा लांब जातो. मग ज्यांना जमेल ते खुर्चीची पाठ धरून उभे राहतात. त्यानंतर जोडीने, तालावर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. ज्यांना उठवत नाही, ते बसून तेच करतात. शेवटी सारे हात धरून गोल करतात आणि एकमेकांना नमस्कार करतात. नवरा, बायको, मुलगी, जो सोबत आला असेल तोही नाचतो. त्या तासापुरते वर्गात कुणी रुग्ण नसतो. सगळे नाच शिकणारे असतात.

याचा गुण किती? इथे नेमके बोलले पाहिजे. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मॅडलीन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी कंपवाताच्या लोकांना टँगो हे नृत्य शिकवून पाहिले. त्या नृत्यात थांबणे, पुन्हा निघणे, मागे जाणे, वळणे आणि जोडीदाराचा हात धरणे, असे सगळे असते. २००७ ते २००९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत शिकणाऱ्यांचा तोल सुधारलेला आढळला. कॅनडात टोरांटो येथे १६ रुग्णांनी दर आठवड्याला नृत्याचा वर्ग केला. त्यांची नाच न करणाऱ्या १६ रुग्णांशी तीन वर्षे तुलना झाली. नाचणाऱ्यांच्या हालचाली त्या मानाने कमी बिघडल्या, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पण १६ माणसे म्हणजे थोडीच. शिवाय जो आपणहून नाचायला येतो, तो मुळातच उत्साही असू शकतो.

२०२३ साली व्यायामाच्या १५६ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात सुमारे ७,९०० रुग्ण होते. निष्कर्ष असा, की बहुतेक व्यायामांचा उपयोग होतो, नृत्याचाही होतो. पण अमुकच प्रकार सगळ्यांत श्रेष्ठ, असे ठामपणे म्हणता येत नाही. नृत्याने कंपवात बरा होत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण जो व्यायाम माणूस आनंदाने करतो, तो वर्षानुवर्षे टिकतो. नृत्याची बाजू बळकट आहे ती इथे. आणि कोपऱ्यात एकटा बसलेला माणूस त्यामुळे चार लोकांत येतो.

तेव्हा औषध सोडून नाच, असा अर्थ कृपा करून काढू नका. लेव्होडोपा या औषधापासून मेंदूत डोपामिन तयार होते. १९६० च्या दशकापासून ते वापरात आले आणि आजही मुख्य औषध तेच आहे. ते वेळच्या वेळी घ्यावे. मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. आपल्या रानात खाजकुहिली होते, तिच्या बियांत हेच द्रव्य आहे, हे खरे. पण कुठल्या बीत ते किती आहे, हे आपल्याला कळत नाही. म्हणून घरच्या घरी तिचे चूर्ण करून घेऊ नये. आणखी एक गोष्ट. उलटीवरच्या किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही अशीच लक्षणे येतात. म्हणून लक्षण दिसताच, चालू औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आता गावात काय करता येईल? आपल्याकडे पियानो नाही, पण टाळ आहे, ढोलकी आहे, हलगी आहे. वारकऱ्यांची पावली आहे, शाळेत लेझीम आहे. या आपल्या प्रकारांवर वर सांगितल्यासारखे प्रयोग झाले आहेत, असे मी म्हणत नाही. पण सावकाश, ठाशीव ठेका आणि चार माणसांची संगत या दोन्ही गोष्टी त्यांत आहेत. डॉक्टरांना विचारून असा आरंभ करावा.

बिनहाताची पण भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. औषधाचा अंमल असेल, अंग मोकळे असेल, ती वेळ निवडा. प्रथम दहा मिनिटे बसूनच हातपाय तालावर हलवा. हालचाल मोठी करा आणि गाणे मोठ्याने म्हणा. आवाजालाही व्यायाम होतो. उठल्यावर जरा थांबा, कारण या आजारात उभे राहताच चक्कर येऊ शकते. चालताना एक धडधाकट माणूस शेजारी असावा. जमीन कोरडी हवी. सतरंजी, गोधडी पायांत येऊ देऊ नये. फुगडी नको, गिरकी नको. वळायचे ते चार पावले टाकून, मोठा वळसा घेऊन. पाय थबकले, तर हात धरून ओढू नका. ओढले, की माणूस पडतो. त्याला थांबू द्या, ताठ उभे राहू द्या, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेऊ द्या. मग "एक, दोन" असा ठेका द्या आणि "आता मोठं पाऊल टाका" म्हणा.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे पटांगण आहे, व्हरांडा आहे, आणि ताल धरणारी मुले आहेत. आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यावर, गावातल्या अशा दोन-तीन आजी-आजोबांना बोलावून पाहा. त्याचा समारंभ करू नका, स्नेहसंमेलनात त्यांना उभे करू नका. मुलांनी ठेका धरावा आणि सोबत चालावे, इतके पुरे. हात थरथरतो म्हणून आजोबांची नक्कल करणारे पोर त्यांच्यासाठी हलगी वाजवू लागले, तर तेही शिक्षणच म्हणायचे.

मामांच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांनी आजार ओळखला, गोळ्या सुरू झाल्या. मामीला उंबरठ्याचे कोडे कळले. त्या दिवशी ती रडली; तीन वर्षे आपण या माणसाला बोल लावले म्हणून. नंतर मामा दाराशी थबकले, की ती चुलीपुढूनच ताटलीवर चमच्याने ठेका धरी. मामा हसत आणि पाऊल टाकत. आजार वाढतच गेला. शेवटची दोन वर्षे ते भजनात उभे राहू शकले नाहीत. लोकांनी त्यांच्यासाठी मृदंगवाल्याच्या शेजारी खुर्ची मांडली. हातात टाळ घेऊन, पायाने जमिनीवर ठेका देत, ते तिथे बसत.