गोव्यातून काम करायचंय? आधी ठरवा: पाहुणे म्हणून की बिऱ्हाड घेऊन

कंपनी पुण्याची, साहेब बेंगळुरूला, घर बुऱ्हाणपुरात आणि मन गोव्यात. लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच पोरांची सध्या हीच गत आहे. एप्रिल उजाडला, पारा चाळिशीच्या वर गेला आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसेना झालं, की प्रश्न पडतोच. काम घरूनच करायचं आहे, तर घर समुद्रकाठी का नको?

प्रश्न चुकीचा नाही. कोविडच्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्राच्या दूरसंचार विभागाने आयटी आणि बीपीओ कंपन्यांचे नियम सैल केले आणि कर्मचाऱ्याने घरून किंवा देशात कुठूनही काम करण्याचा रस्ता मोकळा झाला. पोर्तुगाल, स्पेनसारखे देश अशा कामासाठी परक्यांना वेगळा व्हिसा देतात. आपल्याला गोव्यात जायला व्हिसा नको, तिकीट पुरतं.

पण राज्य बदलतं. रावेर-मुक्ताईनगर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामधली सीमा रोज ओलांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. माणूस एका तासात पलीकडे जातो, कागद मात्र अलीकडेच राहतात. म्हणून बॅग भरण्याआधी एक गोष्ट ठरवा. तीन-चार महिन्यांसाठी पाहुणे म्हणून जायचंय, की बिऱ्हाड हलवायचंय? दोन्ही जमतं. अडचण होते ती ‘अर्धं इकडे, अर्धं तिकडे’ असं वर्षानुवर्षं राहणाऱ्यांची.

कंपनीला विचारलं का?

‘रिमोट’ म्हणजे ‘कुठूनही’ असं प्रत्येक नोकरीत नसतं. काही नेमणूकपत्रांत कामाचं ठिकाण लिहिलेलं असतं, काहींत ग्राहकाच्या माहितीच्या सुरक्षिततेसाठी ठरलेल्या पत्त्यावरूनच काम करायची अट असते. काही कंपन्या शहर पाहून पगार ठरवतात. मॅनेजरने फोनवर “जा रे, कोण विचारतंय” म्हटलं, तरी ई-मेलवर लेखी परवानगी घ्या. मॅनेजर बदलतो, ई-मेल राहतो.

दुसरा प्रश्न त्याच ई-मेलमध्ये विचारा: ऑफिसला परत बोलावलं तर किती दिवसांची मुदत मिळेल? घरभाड्याचा करार त्या उत्तरावर अवलंबून आहे.

घर: कागदावर किती महिने?

भाडेकरार साधारणपणे अकरा महिन्यांचा असतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावा लागतो, म्हणून हा अकराचा आकडा. गोव्यात यात आणखी एक पेच आहे, तो हंगामाचा. पर्यटकांचा मोठा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, त्यातही नाताळ आणि नवं वर्ष म्हणजे सुगीच. पाहुण्याकडून एका रात्रीचं जे भाडं मिळतं, ते पाहता किनाऱ्याजवळच्या घरमालकाला डिसेंबरात महिन्याचा भाडेकरू महाग पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर स्वस्तात मिळालेलं घर ऑक्टोबरात त्याच भाड्याने राहील असं धरून चालू नका. मुदत, भाडं, अनामत रक्कम आणि घर सोडायची नोटीस, चारही गोष्टी करारात आकड्यांत लिहून घ्या.

बारा महिने राहायचं असेल, तर किनारा सोडून पणजी, पर्वरी, म्हापसा, मडगाव, फोंडा असं बघितलेलं बरं. बाजार, दवाखाना, बस सगळं जवळ मिळतं आणि समुद्रही फार लांब राहत नाही.

गोव्यात भाडेकरूची पोलीस पडताळणी सक्तीची आहे आणि माहिती देण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. “त्याची काही गरज नाही” म्हणणारा मालक भेटला तर सावध व्हा. करारही तो धड करणार नाही आणि उद्या पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला तुमच्या हातात काही नसेल.

ऊन सांगतात, पाऊस सांगत नाहीत

गोव्याचे फोटो असतात निळ्या आकाशाचे. पण तिथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तापीकाठच्या माणसाने इतका पाऊस सलग पाहिलेला नसतो. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पाकिटावर बुरशी येते, झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते. मे महिन्यातला पारा बुऱ्हाणपूरपेक्षा बराच खाली असतो, पण हवेत दमटपणा इतका की कूलर काही कामाचा नाही. एसी लागतो, म्हणजे बिल आलं.

म्हणून घर बघायला जाताना लॅपटॉप सोबत न्या. ज्या खोलीत बसून काम करणार, तिथेच व्हिडिओ कॉल लावून बघा. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, अंगणात चांगली असलेली रेंज आत मरते. फायबरची जोडणी असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी ठेवा. इन्व्हर्टर आहे का, त्यावर राउटर चालतो का, हेही विचारा. मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारलं तर खरं उत्तर मिळतं: “गेल्या जुलैत लाइट किती वेळा गेली?”

कराचा हिशेब

प्राप्तिकर केंद्राचा, तो बुऱ्हाणपुरात काय आणि पणजीत काय, सारखाच. फरक पडतो तो तीन ठिकाणी.

पहिला, व्यवसाय कर, म्हणजे पगारातून ‘पीटी’ म्हणून कापला जातो तो. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात तो आहे, गोव्यात नाही. पण राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो वर्षाला २५०० रुपयांहून जास्त घेताच येत नाही. समजा, गोव्यात महिना २५ हजारांचं घर घेतलं, तर वर्षाचं भाडं झालं ३ लाख. अडीच हजार वाचवायला कोणी गोव्यात जात नाही.

दुसरा, घरभाडे भत्ता. आई-वडिलांच्या घरात फुकट राहणाऱ्याला या भत्त्यावर सूट मिळत नाही; भाडं भरलं की मिळू शकते. मात्र ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नवी प्रणाली निवडली असेल (आणि काहीच निवडलं नाही तर आता नवीच लागू होते), तर गोव्याच्या भाडेपावतीचा करात उपयोग नाही. जुन्या प्रणालीत वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं, तर घरमालकाचा पॅन लागतो. तो देणार का, हे करार करतानाच विचारा.

तिसरा फ्रीलान्सरांसाठी. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर ती राज्यवार असते. मध्य प्रदेशचा क्रमांक २३ ने सुरू होतो, गोव्याचा ३०, महाराष्ट्राचा २७. दोन-तीन महिने गोव्यात बसून काम केलं म्हणून व्यवसायाचं मुख्य ठिकाण बदलत नाही. पण बुऱ्हाणपूरचं ऑफिस बंद करून कायमचं तिकडे गेलात, तर गोव्यात नवी नोंदणी घ्यावी लागेल. सीएला आधी सांगा, नंतर नाही.

गाडी, मत आणि दाखले

एमपी-६८ ची मोटारसायकल रेल्वेने गोव्याला नेता येते. पण परराज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवली, तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि नव्या राज्याचा करही भरावा लागतो. नवी गाडी घेणार असाल आणि कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील, तर २०२१ पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेची चौकशी करा. त्या नंबरची गाडी राज्य बदललं तरी चालते.

मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. बिऱ्हाड हलवलं तर फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्यायचं. पाहुणे म्हणून गेलात तर नाव इथेच राहू द्या आणि मतदानाला या.

दाखल्यांचा भाग जास्त नाजूक आहे, कारण तो मुलांपर्यंत जातो. एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात गेलं, की तिथल्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. सीमेवरच्या घरांना याचा अनुभव आहेच. मूल दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर असेल, तर प्रवेश कोणत्या राज्यात घ्यायचा हे आधी ठरवा. त्या राज्याच्या रहिवासाच्या अटी वाचा, मगच शाळा बदला.

दुखलं-खुपलं तर

बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे गोव्याचं मोठं सरकारी रुग्णालय. २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं; सिंधुदुर्गातल्या वाचकांना ते माहीत आहे. गोवा सरकारच्या आरोग्य विम्यासाठीही पाच वर्षांच्या रहिवासाची अट आहे. आयुष्मान कार्ड असेल तर ते योजनेतल्या रुग्णालयात दुसऱ्या राज्यातही चालतं. कंपनीच्या विम्याची यादी मात्र दोन्हीकडची बघा: तुमच्यासाठी गोव्यातली आणि मागे राहिलेल्या आई-वडिलांसाठी बुऱ्हाणपूर, जळगाव, इंदूरची. रात्री दोनला फोन आला तर कुठे न्यायचं, हे शेजाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

मराठी चालते का?

चालते, आणि सरकारी कामातही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली, पण सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही त्याच कायद्याने जागा दिली. ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’, ‘तरुण भारत’ ही मराठी दैनिकं तिथे घरोघरी येतात. अनेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. इथे हिंदीत अर्ज लिहायची सवय झालेल्याला पणजीत मराठीत अर्ज देताना बरं वाटेल.

एक पथ्य मात्र पाळा. “कोकणी म्हणजे मराठीच की” असं कोणाच्या ओसरीवर बसून बोलू नका. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाकारलं, आणि भाषेचा विषय तिथे अजून हळवा आहे. चार शब्द कोकणी शिकलात, तर घरमालकीण मासळीचं कालवण पाठवेल.

जाणं-येणं

गोवा एक्स्प्रेस आणि कोकण रेल्वेने जाणारी मंगला एक्स्प्रेस, दोन्ही भुसावळमार्गे धावतात. बुऱ्हाणपूरहून भुसावळ रेल्वेने तासाभरावर. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकाने धावतात. ‘फ्लाय ९१’ या कंपनीने २०२४ मध्ये जळगावहून गोव्यातल्या मोपा विमानतळाची सेवा सुरू केली. छोट्या शहरांच्या विमानांचे दिवस बदलत राहतात, म्हणून सध्याचं वेळापत्रक बघूनच बेत करा.

तर मग जावं का?

बहुतेकांसाठी पहिल्या वर्षी पाहुणा होणंच फायद्याचं. दोन-तीन महिन्यांचा लेखी करार करा. गाडी, मतदार यादी, जीएसटी, शाळा काहीच हलवू नका. आणि पहिली खेप डिसेंबरात न करता जुलैत करा. भाडं कमी असतं, आणि वीज, नेट, एकटेपणा या तिन्हींची परीक्षा तेव्हाच होते. पावसातलं गोवा सोसलं, काम वेळेवर झालं आणि महिनाअखेर खात्यात पैसे उरले, तर पुढच्या वर्षी बिऱ्हाडाचा विचार करा. आणि तो केलात तर सगळे कागद एकदमच हलवा.

नाही उरले, तर बुऱ्हाणपूरचं घर आहेच. बिनभाड्याचं घर हीसुद्धा कमाईच असते. ती पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून हिशेबात धरायची राहते.