पाण्यावर तरंगणारी रायफल आणि आजीबाईंचं अस्वल

रानात अडकलात आणि बरोबर एकच बंदूक न्यायची आहे, तर कुठली न्याल? सिनेमे बघितलेला माणूस म्हणेल, सगळ्यात दांडगी. हिशेब मात्र चिमुकल्या पॉइंट टू-टू रायफलच्या बाजूने आहे. तिचं एक काडतूस जेमतेम साडेतीन ग्रॅमचं. 500 काडतुसं म्हणजे पावणेदोन किलो. शिकाऱ्यांच्या लाडक्या थर्टी-ओ-सिक्सची तेवढ्याच वजनात 65 ते 70 बसतील. शिवाय रानात रोज समोर येतो तो ससा नाहीतर एखादं पाखरू. त्याला मोठी गोळी घातली, तर पातेल्यात टाकायला उरणार काय?

विमान पाडलं गेलं तर वैमानिकाचं काय, या काळजीतून अमेरिकेत भन्नाट बंदुका निघाल्या. त्यातल्या एम-6 ला दोन नळ्या. वरची रायफल, खालची छऱ्यांची. घोड्याच्या जागी चक्क एक लांब पट्टी, कारण बर्फात जाड हातमोज्यातलं बोट घोड्यापर्यंत पोचणार कसं? काडतुसं दस्त्यातच ठेवायची आणि बंदूक मधोमध दुमडायची.

एआर-7 त्याहून मजेशीर. एआर-15 ही रायफल घडवणाऱ्या यूजीन स्टोनरचंच हे डोकं. नळी, यंत्रणा, मॅगझिन सगळं सुटं करून पोकळ दस्त्यात कोंबायचं. वजन सव्वा किलोच्या आत. होडीतून पाण्यात पडली तर बुडत नाही, तरंगते! 1963 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये जेम्स बाँडच्या हातीही हीच होती.

जर्मनांचा थाट वेगळाच. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आपल्या वैमानिकांसाठी सावेर कंपनीची तीन नळ्यांची शिकारी बंदूक घेतली. जीव वाचवायला निघालेत की संस्थानिकांच्या शिकारीला, कळू नये!

रशियनांना धडा मिळाला तो अंतराळातून. मार्च 1965 मध्ये लिओनोव्ह आणि बेल्यायेव या अंतराळवीरांचं यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, तैगाच्या बर्फाळ जंगलात उतरलं. लांडगे-अस्वलांच्या त्या मुलखात दोघांनी दोन रात्री काढल्या. पुढे सोयुझ यानांमध्ये तीन नळ्यांचं टीपी-82 पिस्तूल आलं. त्याचा दस्ता काढला की कोयता!

पण खरी बाजी मारली ती कॅनडाच्या बेला ट्विन या क्री आदिवासी बाईंनी. 1953 मध्ये अल्बर्टातल्या स्लेव्ह लेकजवळ साठी उलटलेल्या या आजीबाईंनी एका वेळी एकच गोळी भरता येणाऱ्या पॉइंट टू-टूने ग्रिझली अस्वल लोळवलं. ते तेव्हाचं विक्रमी ग्रिझली ठरलं! मात्र याचा अर्थ आपणही करून बघावं असा नाही. बाईंचा उभा जन्म रानात गेला होता.

बंदूक चालली तरी पोट भरतंच असं नाही. 1992 मध्ये ख्रिस मॅककँडलेस हा तरुण पॉइंट टू-टू घेऊन अलास्कात एकटा राहिला. त्या बंदुकीने त्याने मूससारखं अवाढव्य जनावरही मारलं. पण मांस टिकवायचं कसं, ते नीट जमलं नाही. धुरी देऊन बघितली, तरी अळ्या पडल्या. त्याच उन्हाळ्यात तो उपाशीपोटी गेला. बंदुकीच्या कॅटलॉगात हा भाग कधीच छापत नाहीत.

आणि अस्वलाचीच भीती असेल तर? अलास्कातल्या 1985 ते 2006 च्या घटनांचा अभ्यास सांगतो, मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलाला रोखण्यात 92 टक्के वेळा यश आलं. नेम अगदी अचूक नसला तरी चालतो, हा वरचा फायदा.

आपल्याकडे हा सगळा नुसता वाचनाचा विषय आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. तेव्हा सह्याद्रीत भटकायला निघालात तर शिट्टी, विजेरी आणि जादा पाणी घ्या, आणि कुठल्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघा.