घरच्या कुत्र्याचें शिक्षण

जळगावजवळच्या रेल्वे-स्थानकाच्या म्हसावदाहून वेगळें असें एक म्हसावद नंदुरबार जिल्ह्यांत आहे. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा निघाला. त्यांतल्या शहाद्याहून सातपुड्याच्या रोखानें निघालें कीं हें गांव लागतें. उत्तरेस डोंगराची रांग, दक्षिणेस तापीच्या खोऱ्यांतील काळी जमीन आणि आसपास ऊस, केळी व पपई यांचे मळे. ह्या बाजूच्या माणसाला जनावराची पारख कोणी शिकवावी लागत नाहीं. ह्याच शहादें तालुक्यांत, तापीकांठच्या सारंगखेड्यास, मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. घोडा घेणारा त्याचे दांत पाहतो, खूर उचलून बघतो, आधीं चालवून व मग पळवून त्याची चाल निरखतो. पाठीवरून हात फिरविला असतां घोडा अंग चोरतो कीं काय, ह्यावरही त्याचें लक्ष असतें. विकणाराही आपलें जनावर खरारा करून, आयाळ विंचरून, चार माणसांत शांत उभें राहण्याची संवय लावूनच तेथें आणतो.

परंतु घोड्याविषयीं इतका चोखंदळ असलेला हाच मनुष्य घरीं परतल्यावर दारांतल्या कुत्र्याकडे त्या दृष्टीनें क्वचितच पाहतो. दत्ताच्या नेहमींच्या चित्रांत त्याच्या पायांशीं चार कुत्रे असतात आणि ते चार वेद होत असें मानतात. पण चित्रांतला हा मान उंबऱ्याशीं पडलेल्या कुत्र्याच्या वांट्यास येत नाहीं. शहरांत ह्याच्या उलट प्रकार दिसतो. तेथें कुत्रा मोठी किंमत देऊन आणतात, त्याला गादी देतात, वाढदिवस करतात. शिकवीत मात्र कांहींच नाहींत. गांवचा कुत्रा उपेक्षेनें बिघडतो आणि शहरचा कौतुकानें. शेवट पुष्कळदां एकच होतो: कुत्रा कोणाला तरी चावतो, मग तो दिवसभर साखळीला बांधला जातो, आणि एके दिवशीं त्याला दूर नेऊन सोडून देण्याची भाषा घरांत सुरू होते. अशा वेळीं ‘कुत्राच वाईट निघाला’ असें म्हणतात. तो वाईट कसा निघाला, ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं.

ही चौकशी केली तर बहुधा असें आढळून येतें कीं, कुत्रा न शिकलेला नसतोच. तो रोज शिकत असतो. फक्त घर त्याला नको तें शिकवीत असतें. जेवणाच्या वेळीं तो ताटाशेजारीं येऊन भुंकतो. वडील रागावतात, आई दुर्लक्ष करते, आणि धाकटा मुलगा हळूच भाकरीचा तुकडा त्याच्यापुढें टाकतो. त्या तुकड्यानें कुत्र्याला एक धडा दिला: भुंकलें म्हणजे मिळतें. दुसऱ्या दिवशीं तुकडा न मिळाल्यास तो अधिक जोरानें भुंकतो, आणि कंटाळून कोणी तरी पुन्हां तुकडा टाकतो. आतां धडा पक्का झाला: जास्त भुंकलें म्हणजे नक्की मिळतें. ह्यांत कुत्र्याचा अपराध कोणता? तो तर उत्तम विद्यार्थी ठरला.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलव्ह ह्यांना १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडाला, अन्न पुढें येण्यापूर्वींच, अन्नाची नुसती चाहूल देणाऱ्या खुणेनेंही लाळ सुटूं लागे. दोन गोष्टी पुनःपुन्हां एकापाठोपाठ घडल्या कीं कुत्रा त्यांची सांगड घालतो, हें त्यावरून स्पष्ट झालें. दुसरी गोष्ट ही कीं, ज्या कृतीचें फळ गोड ती कृति तो पुन्हां करतो. मात्र हें फळ लगेच, एकदोन क्षणांच्या आंत मिळावें लागतें. बाहेरून आल्यावर फाटलेली चप्पल दाखवून कुत्र्याला मारलें, तर मार चपलेबद्दल आहे हें त्याला कळत नाहीं. मालक घरीं आला कीं मार बसतो, एवढेंच कळतें. मग तो कोपऱ्यांत अंग चोरून बसतो, आणि त्याला केल्याची लाज वाटत आहे असा घरच्यांचा समज होतो. ती लाज नव्हे, ती भीति होय.

ह्यास्तव कुत्र्याचें शिक्षण घराच्या शिक्षणापासून सुरू झालें पाहिजे. पिलूं घरीं आणण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून शब्द ठरवावे: ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’, ‘जाग्यावर’. एवढे पांच शब्द प्रथम पुरेत. आजोबांनीं ‘बस’, सुनेनें ‘बैठ’ आणि नातवानें ‘सिट’ म्हटल्यास कुत्र्याला ते तीन निरनिराळे आवाज होतात. ‘बस’ शिकवितांना खाऊचा तुकडा त्याच्या नाकासमोरून हळूहळू डोक्याच्या वर न्यावा; मान वर झाली कीं मागचा भाग आपोआप टेकतो. टेकतांच शब्द उच्चारावा, तुकडा द्यावा आणि शाबासकी द्यावी. पांच मिनिटांचा धडा, दिवसांतून दोनतीन वेळां, ह्याहून अधिक नको. ‘ये’ हा शब्द तर जपून वापरावा. बोलावल्यावर आलेल्या कुत्र्याला कधींही रागावूं नये, मग तो कितीही उशिरां आलेला असो. येण्याचें फळ एकदां कडू झालें, कीं पुढें रस्त्यावरून मोटार येत असतां मारलेली हांक तो ऐकेलच असा भरंवसा राहत नाहीं.

पिलूं आठ आठवड्यांचें होईपर्यंत आईपासून तोडूं नये. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाच्या घडणीचा असतो. ह्या काळांत त्यानें निरनिराळीं माणसें, मुलें, छत्री, सायकल, कुकरची शिट्टी व ढोलाचा आवाज हें सारें सौम्यपणें अनुभवलेलें असावें. नाहीं तर पुढें तो ह्याच गोष्टींना भितो, आणि भ्यालेला कुत्राच बहुधा चावतो. घरांत घाण करण्याची खोड मोडण्यासाठीं त्याचें नाक जमिनीवर घासण्याची रीत अगदीं निरुपयोगी आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला ठराविक जागीं न्यावें व काम झालें कीं तेथेंच शाबासकी द्यावी. जितकें पिलूं शिकतें, तितकेंच मुलांनींही शिकावें: खातांना कुत्र्याला हात लावायचा नाहीं, झोपलेल्याला दचकवायचें नाहीं, आणि तो उठून निघाला तर त्याला अडवायचें नाहीं.

शिक्षण किती दूरवर जाऊं शकतें, ह्याचें उदाहरण महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे. १२ मार्च १९९३ च्या मुंबईंतील बाँबस्फोटांनंतर जो शोध चालला, त्यांत पोलिसांच्या बाँबशोधक पथकांतील झंजीर ह्या लॅब्रॅडॉर कुत्र्यानें तीन हजार किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुडकून काढण्यास साहाय्य केलें. नोव्हेंबर २००० मध्यें तो वारला, तेव्हां त्याला पोलिसी मानवंदना देण्यांत आली. अशा कुत्र्याला स्फोटकाशीं कांहींएक कर्तव्य नसतें. त्या विशिष्ट वासामागोमाग आपल्याला खेळ व शाबासकी मिळते, एवढें त्यानें ताडलेलें असतें. वास सांपडतांच न भुंकतां, न उकरतां स्वस्थ बसावें, असेंही त्याला शिकविलेलें असतें. कारण तेथें उकरणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण. भाकरीचा तुकडा टाकून मुलानें जें नकळत शिकविलें, तेंच तत्त्व येथें जाणूनबुजून, रोज आणि शिस्तीनें वापरलेलें असतें.

शिक्षणाचा दुसरा भाग खराऱ्याचा. पुष्कळांना तो केवळ सौंदर्याचा वाटतो, पण तसें नाहीं. रोज पांचदहा मिनिटें अंगावरून ब्रश फिरविल्यानें गळलेले केंस निघतात हें खरेंच. त्याहून महत्त्वाचें म्हणजे हात सर्व अंगावरून फिरतो. कानाच्या मागें, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेंत चिकटलेली गोचीड तेव्हांच सांपडते. गोचिडीच्या चाव्यावाटे कुत्र्याला जो ताप येतो तो प्राणघातक ठरूं शकतो. म्हणून ताप, मलूलपणा किंवा हिरड्यांचा फिकेपणा दिसतांच पशुवैद्याकडे जावें. अंघोळ रोज नको. माणसाचा साबण कुत्र्याच्या कातडीला कोरडी करतो. त्याच्यासाठींचा निराळा शांपू मिळतो तोच वापरावा. नखें फरशीवर वाजूं लागलीं कीं कापावीं, परंतु नखाच्या आंतील रक्तवाहिनीला धक्का लागूं देऊं नये. पिलूं असतांनाच पंजा, कान व दांत हाताळण्याची संवय लावलेली असली, तर पुढें वैद्यानें तपासतांना तोंडाला मुसकें बांधण्याची वेळ सहसा येत नाहीं.

खानदेशच्या उन्हाळ्यांत तर ही निगा जिवाचाच प्रश्न होते. तेथें पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. माणसाप्रमाणें कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाहीं. तो मुख्यतः धापा टाकूनच अंगांतली उष्णता बाहेर काढतो. म्हणून फिरणें सूर्योदयापूर्वीं किंवा अंधार पडल्यावर. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर काहीं क्षण टेकवत नसेल तर त्या रस्त्यावर पंजेही टेकवूं नयेत. बर्फाळ प्रदेशांतले दाट केंसांचे कुत्रे अशा मुलखांत हौसेखातर आणणें हा त्यांच्यावर अन्याय होय.

आपल्या हवेला मानवणारा कुत्रा शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांत व लगतच्या कर्नाटकांत कारवानी कुत्रा पिढ्यान् पिढ्या सांभाळला गेला: उंच, सडपातळ, खोल छातीचा, लांब तोंडाचा आणि आंखूड केंसांचा. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे ह्यांनीं ह्या जातीची जोपासना केली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज ह्यांना भेट दिली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरीं ह्या जातीचें नांव कॅरव्हान हाउंड, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरीं मुधोळ हाउंड असें आहे. २००५ सालीं भारतीय टपालखात्यानें देशी कुत्र्यांवर चार तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळचा समावेश होता. हा कुत्रा वासापेक्षां नजरेनें शिकार करणारा आहे; ससा दिसला कीं हांक ऐकूं येईनाशी होते. म्हणून त्याला घेणारानें ‘ये’ हा धडा दुप्पट कष्टानें शिकवावा आणि उघड्या रानांत पट्टा सोडतांना विचार करावा.

ज्यांना हौस असते ते कुत्र्याला प्रदर्शनांत उतरवितात. पहिलें प्रसिद्ध श्वानप्रदर्शन १८५९ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें भरलें. आज महाराष्ट्रांतल्या मोठ्या शहरांतही तीं भरतात. तेथें एका कुत्र्याची दुसऱ्याशीं तुलना होते असें पाहणाऱ्याला वाटतें. वास्तविक प्रत्येक जातीचें एक लेखी प्रमाण ठरलेलें असतें, आणि कुत्रा त्या प्रमाणाच्या किती जवळ आहे हें परीक्षक ठरवितो. तो दांत उघडून बघतो, अंग चांचपतो, कुत्र्याला चालवितो व पळवितो. आज्ञापालनाच्या स्पर्धा निराळ्या असतात. दोहोंची तयारी घरींच होते. ज्याला परक्या हाताची संवय नाहीं, जो पट्टा ओढतो, तो कितीही देखणा असला तरी रिंगणांत आपलें देखणेपण दाखवूंच शकत नाहीं. सारंगखेड्याच्या बाजारांत घोड्याची जी परीक्षा, तीच ही. मात्र बक्षिसापायीं कुत्र्याला उपाशी ठेवणें किंवा मारून उभा करणें म्हणजे परीक्षेसाठीं विद्येचाच नाश करणें होय.

शेवटीं दोन गोष्टी जिवाच्या. पहिली रेबीजची. पिलूं तीन महिन्यांचें होतांच लस टोंचावी आणि पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती पुनःपुन्हां टोंचीत जावी. कोणालाही कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. तिच्यांत हळद, मिरची किंवा चुना भरूं नये, आणि लगेच दवाखाना गांठावा. दुसरी बिबट्याची. शहादें-तळोदें भागांतील उसांत बिबट्या वावरतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या अकोलें भागांत झालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, तेथील बिबट्याचें मुख्य भक्ष्य पाळीव कुत्रा हेंच आढळलें. मळ्याच्या राखणीसाठीं रात्रीं बाहेर साखळीनें बांधलेल्या कुत्र्याला पळतांही येत नाहीं. जो राखण करतो त्याला रात्रीं दाराच्या आंत घेणें, निदान बंद कवाडाचें खुराडें देणें, एवढें घराचें कर्तव्य आहे.

म्हसावदच्या मळ्यांतला साधा गांवठी कुत्रा असो, कीं शहरांतल्या सदनिकेंतला नांवाजलेल्या जातीचा असो, दोघांच्या शिक्षणाला लागणारें साहित्य सारखेंच: पांच ठरलेले शब्द, मूठभर खाऊ, एक ब्रश आणि रोजचीं वीस मिनिटें. घरांत ही वीस मिनिटें कोण देणार, हें ज्यांचें ठरलेलें नाहीं, त्यांनीं पिलूं आणण्याचा बेत तें ठरेपर्यंत पुढें ढकलावा.