भरीव आकृती आणि अरण्याची हद्द

संगणकाच्या पडद्यावर एक बंदिस्त रेषा काढून तिच्या आत रंग भरणे ही क्रिया वरवर पाहता इतकी किरकोळ वाटते की, तिच्यामागे अडीचशे वर्षांचे गणित उभे आहे आणि त्या गणितातील एका निवडीचा परिणाम गडचिरोलीच्या जबरानजोत (वनजमिनीवर अतिक्रमण करून कसणाऱ्या) शेतकऱ्याच्या वनहक्क दाव्यावर होऊ शकतो, हे कोणी सांगितले तर सहसा पटणार नाही. मला या विषयाचा छंद लागला तो बोरलँड कंपनीच्या टर्बो-सीमुळे. निळ्या पडद्याच्या त्या संकलकावर विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी आलेखनाचे प्रात्यक्षिक केले आहे. सोळा रंग, 640 गुणिले 480 ठिपके आणि सोबत आलेले चित्रणाचे ग्रंथालय, एवढ्या शिदोरीवर घर, झेंडा, डोंगर रंगवून परीक्षकापुढे मांडायचे, हा त्यातला परिपाठ होता.

त्या ग्रंथालयाच्या चुकांच्या तक्त्यात दोन नोंदी शेजारी-शेजारी आहेत: उणे सहा आणि उणे सात. पहिलीचा अर्थ आडव्या रेघांनी आकृती भरताना स्मृती अपुरी पडली, दुसरीचा अर्थ पुरासारखा रंग पसरवताना स्मृती अपुरी पडली. वरवर एकाच दिसणाऱ्या कामाला दोन स्वतंत्र अपयशे नोंदवलेली आहेत, कारण ती दोन भिन्न कामेच आहेत. ‘फ्लडफिल’ या आज्ञेला फक्त आतला एक बिंदू आणि सीमेचा रंग सांगावा लागतो; रंग चहूकडे वाहत जातो व सीमा भेटेल तेथे थांबतो, आणि सीमेत एका ठिपक्याची जरी फट राहिली तरी तो बाहेर पडून सारा पडदा व्यापतो. ‘फिलपॉली’ला मात्र कोपऱ्यांच्या बिंदूंची यादी द्यावी लागते, आणि आत काय व बाहेर काय हे ती त्या यादीवरून गणिताने ठरवते. निर्मात्यांनी मदतपानातच सल्ला दिला आहे की, शक्य तेथे फ्लडफिलऐवजी फिलपॉली वापरावी. त्यांनी कारण दिले ते पुढील आवृत्त्यांशी सुसंगतीचे. माझ्या मते सल्ल्याचे खरे मोल अधिक खोल आहे. वाहत्या रंगाला हद्दीचे ज्ञान नसते, त्याला केवळ अडथळा कळतो. हद्द म्हणजे काय हे बिंदूंच्या यादीलाच विचारावे लागते.

यादीवरून आत-बाहेर ठरवण्याचा सर्वांत सरळ उपाय असा की, पडद्यावरून एक आडवी रेघ डावीकडून उजवीकडे न्यावी आणि ती सीमा किती वेळा ओलांडते ते मोजावे. विषम वेळा ओलांडली की आपण आत, सम वेळा ओलांडली की बाहेर. हा सम-विषम नियम. दुसरा नियम वेढ्यांचा: सीमारेषेवरून चालणारा मनुष्य एखाद्या बिंदूभोवती एकंदर किती फेरे घालतो ते दिशेसह मोजावे, आणि फेऱ्यांची गोळाबेरीज शून्य नसेल तर तो बिंदू आत धरावा. पोस्टस्क्रिप्ट या मुद्रणभाषेने दोन्ही नियमांसाठी दोन वेगळ्या आज्ञा ठेवल्या. आजच्या न्याहाळकांतील एसव्हीजी आणि कॅनव्हास या चित्रपद्धती, वेगळे काही न सांगितल्यास, वेढ्यांचा नियम गृहीत धरतात. साध्या आकृतीत दोहोंचे उत्तर एकच येते. रेषा स्वतःलाच छेदू लागली, किंवा आकृतीच्या पोटात दुसरी आकृती आली, की वाटा फुटतात.

या वेढ्यांच्या कल्पनेचा माग काढत गेलो तेव्हा जो पुरुष भेटला, त्याचे नाव आलेखनाच्या क्रमिक पुस्तकांत मला कधी आढळले नव्हते. आल्ब्रेख्त लुडविग फ्रीडरिख माइस्टर, जन्म 1724, मृत्यू 1788, जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाचा प्राध्यापक. 1769 साली त्याने सपाट आकृत्यांच्या उत्पत्तीवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. युक्लिडच्या परंपरेत बहुभुज म्हणजे शहाण्यासारखी बंद होणारी, स्वतःला न छेदणारी आकृती; माइस्टरने प्रश्न टाकला की एखादा बिंदू मनास येईल तसा फिरून मूळ जागी परतला आणि वाटेत स्वतःचाच मार्ग ओलांडत गेला, तर त्या मार्गाने वेढलेले क्षेत्रफळ कोणते मानावे? त्याचे उत्तर असे की, क्षेत्रफळालाही दिशा असते: एका दिशेने घातलेल्या वेढ्याचे क्षेत्र अधिक, उलट दिशेच्या वेढ्याचे उणे, आणि ज्या भागाभोवती दोनदा फिरणे झाले तो भाग दोनदा मोजायचा. कोपऱ्यांच्या सहनिर्देशकांचे तिरपे गुणाकार करून क्षेत्रफळ काढण्याची जी रीत आज प्रत्येक भूमापनप्रणालीच्या पोटात चालते, ती हीच. नंतर या रीतीशी जोडल्या गेलेल्या गणितज्ञ गाउसच्या नावापुढे माइस्टरचे नाव झाकोळले गेले, हा मला अन्याय वाटतो.

आता हा मनुष्य आपल्या मुलखात आणून पाहू. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या सहाव्या कलमान्वये दावे स्वीकारून, तपासून, प्रत्येक शिफारस केलेल्या दाव्याचे क्षेत्र दाखवणारा नकाशा तयार करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे, आणि वैयक्तिक वहिवाटीला चार हेक्टरांची कमाल मर्यादा आहे. मोजणीसाठी हाती जीपीएस यंत्र घेऊन बांधाबांधाने फिरतात. दाट झाडोऱ्याखाली उपग्रहाचा संकेत भरकटतो. शिवाय चालणारा नाला आडवा आला म्हणून वळसा घेतो, सुटलेला धुरा आठवून मागे फिरतो, आणि नोंदलेल्या मार्गाला आतल्या बाजूस एक गाठ पडते. समजा, त्या गाठीच्या आत 0.4 हेक्टर आणि उरलेल्या भागात 3.5 हेक्टर जमीन आहे. सम-विषम नियमाने रंगवल्यास गाठ पोकळ राहते व शेत 3.5 हेक्टर भरते. वेढ्यांच्या नियमाने गाठही रंगते व शेत 3.9 हेक्टर होते. माइस्टरच्या रीतीने मोजणारा तक्ता गाठीचे क्षेत्र दोनदा धरून 4.3 हेक्टर दाखवतो, म्हणजे दावा मर्यादेबाहेर जातो. जमीन तीच, चालणारा तोच, बिंदूंची यादी तीच, आणि उत्तरे तीन. मार्गाला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ पडला, तर याच्या उलट घडते: पडद्यावर दोन्ही पाळ्या रंगतात, पण तक्त्यात एक अधिक आणि दुसरी उणे होऊन क्षेत्र आटते. यात माइस्टरचे गणित चुकलेले नाही. गाठ न सोडवता ते लावणारा चुकतो. कल्पित उदाहरण मी मुद्दाम ठळक घेतले आहे, परंतु मर्यादेच्या काठावर असलेल्या दाव्याला याहून पुष्कळ लहान गाठही पुरते.

पोकळीचा प्रश्न पाहायचा तर ताडोबाकडे वळावे. 1955 चे राष्ट्रीय उद्यान 116.55 चौरस किलोमीटरांचे, 1986 चे अंधारी अभयारण्य 508.85 चौरस किलोमीटरांचे. दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्पाचा गाभा, आणि त्याला वेढून 2010 साली अधिसूचित झालेले सुमारे 1,101 चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र. बफरची आकृती म्हणजे मधोमध सव्वासहाशे चौरस किलोमीटरांचे भोक असलेली चकती. सम-विषम नियमाला या भोकाची दिशा विचारावी लागत नाही. वेढ्यांच्या नियमाला ती विचारावीच लागते, कारण बाहेरची आणि आतली रेषा एकाच दिशेने फिरल्यास वेढे दोन होतात आणि गाभाही बफरच्याच रंगात बुडतो. येथे एक जुना मतभेद आड येतो. एझ्री कंपनीने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या शेपफाइल या नकाशास्वरूपाच्या विनिर्देशात बाहेरची रेषा घड्याळाच्या दिशेने आणि भोकाची उलट; 2016 साली प्रमाणित झालेल्या जिओजेसन या दुसऱ्या नकाशास्वरूपात नेमके याच्या विपरीत. प्रत्येक पद्धत आपल्यापुरती निर्दोष आहे. एका दप्तरातली बाह्यरेषा आणि दुसऱ्या दप्तरातले भोक एकत्र आणून जो नकाशा जुळवला जातो, त्यात दोन्ही रेषा एकाच दिशेच्या होतात. भरण्याच्या दोन्ही नियमांच्या बाजूचे युक्तिवाद वाचून माझा कौल सम-विषम नियमाकडे झुकतो, निदान हद्दींच्या नकाशांपुरता. तो दिशेवर अवलंबून नाही, आणि वनात वसलेल्या गावांची बेटे, बेटाच्या आत पुन्हा वनखंड, अशी रचना तो कुरकुर न करता पेलतो. गाठ मात्र त्यालाही फसवते, म्हणून आधी गाठ सोडवणे अपरिहार्य.

कोणत्या तुकड्याला कोणता रंग, म्हणजे कोणती जमीन वन आणि कोणती नाही, हा पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांतला मोठा आणि जुना वाद आहे. मालगुजारी संपुष्टात आल्यानंतरची, गावकऱ्यांचे वापराचे हक्क नोंदवणारी निस्तार पत्रके, झुडपी जंगलाच्या नोंदी, आणि त्या जमिनी वनच होत असा 22 मे 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, यांवर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. माझा विषय त्याहून लहान आहे: ठरलेला रंग कुठवर जातो, एवढाच.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली 1,809.61 हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मान्य झाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवून, एकेका मुद्द्यावर सर्वसहमती होईपर्यंत बसून, जी कागदपत्रे समजून घेतली, त्याच जिद्दीने आता बिंदूंच्या यादीकडे पाहण्याची वेळ आली आहे. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी उपग्रहचित्र हा इतर पुराव्यांना पूरक पुरावा ठरवला, त्यांची जागा घेणारा नव्हे. हे शहाणपण रंगवलेल्या नकाशालाही लागू व्हायला हवे. म्हणून जे अधिकारी, संस्था आणि विद्यार्थी गावांसाठी असे नकाशे करतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, रंगीत प्रतीबरोबर कोपऱ्यांच्या बिंदूंची क्रमवार यादी, भरण्याचा नियम आणि क्षेत्रफळ काढण्याची रीत या तीन गोष्टी लेखी स्वरूपात ग्रामसभेच्या दप्तरी द्याव्यात. आणि वनहक्क समितीने त्या मिळाल्याशिवाय नकाशावर सही करू नये.