सही कुणाची, चावी कुणाकडे?

गावातल्या एखाद्या कामाचे नाव अर्थसंकल्पात आले, की निर्मळच्या तळ्याकाठी त्याची चर्चा रंगते. वर्ष उलटते, काम दिसत नाही आणि कुणीतरी विचारते, ‘मंजूर झालेले पैसे अडवले कुणी? राज्यपालांनी सही केली नाही का?’

अमेरिकेत असे घडू शकते. तिथले अध्यक्ष खर्चाचे विधेयक नाकारून परत पाठवू शकतात. तो नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. आपली व्यवस्था निराळी आहे.

आपल्याकडे अर्थमंत्री अंदाजपत्रक मांडतात. खात्यांच्या मागण्यांवर विधानसभा मतदान करते. आमदाराला कपात सुचवता येते, वाढ नाही. नंतर विनियोजन विधेयक येते. ते संमत होऊन कायदा झाल्याखेरीज राज्याच्या एकत्रित निधीतून रुपयाही निघत नाही. विधान परिषद ते चौदा दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. राज्यपाल इतर विधेयके फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. धन विधेयक मात्र घटनेच्या २०० व्या अनुच्छेदाप्रमाणे परत पाठवता येत नाही. कारण उघड आहे. तिजोरीवर हक्क निवडून आलेल्या सभागृहाचा. शिवाय ३१ मार्चनंतर मंजुरी नसेल, तर पगार, पेन्शन, दवाखान्यातली औषधे, सारेच थांबेल. म्हणूनच निवडणुकीच्या वर्षी आधी लेखानुदान घेतात. २०२४ मध्ये राज्याने फेब्रुवारीत तसेच केले आणि पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडला.

मग चावी कुणाकडे? राज्यपालांच्या शिफारशीशिवाय खर्चाची मागणी मांडताच येत नाही आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. म्हणजे खरा नकार विधेयक येण्याआधीच, मंत्रालयात दिला जातो.

दुसरी अडचण मंजुरीनंतरची. तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी, सक्ती नव्हे. प्रशासकीय मान्यता, निधीचे वितरण, निविदा यांत वर्ष सरले, तर न खर्चलेली तरतूद संपते.

तेव्हा ‘पैसे कुठे गेले?’ एवढेच विचारू नका. तरतूद किती, प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, निधी किती वितरित झाला, हे तीन प्रश्न विचारा. अर्थसंकल्पाची पुस्तके सर्वांना खुली आहेत. बाकीच्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. आणि नवे काम हवे असेल, तर आमदाराला मार्चमध्ये नव्हे, दिवाळीच्या सुमारास गाठा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)