दोर किती सोडायचा

हर्णै बंदरात होडी बांधायला खुंटा नाही. दापोली तालुक्यातलं हे मासळीचं मोठं बंदर, पण समुद्रातून आलेली होडी इथे धक्क्याला लागत नाही. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात ती नांगर टाकून उभी राहते. किल्ला खुल्या समुद्राची लाट अंगावर घेतो आणि त्याच्या आडोशाला होड्या शांत राहतात. आंग्र्यांच्या आरमारानं ही जागा धरली, त्यात या आडोशाचा वाटा मोठा असणार. 1755 साली कमोडोर विल्यम जेम्सनं तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला. पुढे मुंबई-गोवा बोटी सुरू झाल्या, तेव्हाही बोट लांब उभी राहायची आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला यायचे. जेट्टीची मागणी कित्येक वर्षांची आहे.

धक्का नाही म्हणजे शिस्त नाही, असं किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं. होड्या वाटेल तिथे उभ्या दिसतात. एका तांडेलाबरोबर, म्हणजे होडीच्या प्रमुखाबरोबर, नांगर टाकायला गेलो तेव्हा कळलं की प्रत्येक होडीच्या जागेमागे हिशेब आहे. त्यानं आधी इंजिन मंद करून शेजारच्या होड्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोकं, कुठल्या दिशेला आहेत ते पाहिलं. मग विचारलं ते खोलीचं नव्हे, तिथीचं.

तिथीचं कारण सोपं आहे. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळानं भरती, आणि रोज सगळं वेळापत्रक पन्नासेक मिनिटं पुढे सरकतं. पुनवेला आणि अवसेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठा चढउतार; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी. तिथी कळली की किती वाजता किती पाणी चढेल याचा अंदाज येतो आणि त्यावर दोर ठरतो.

समजा ओहोटीला चार मीटर पाणी आहे. त्याच्या पाचपट म्हणून वीस मीटर दोर सोडला आणि माणसं निजली. उधाणाच्या भरतीत तिथेच साडेसहा मीटर पाणी झालं, तर दोर जेमतेम तिपटीवर येतो. होडीची ओढ नांगराला आडवी लागायची ती आता वर उचलायला लागते आणि वाळूत रुतलेला फाळ सुटतो. म्हणून दोर मोजायचा तो समोर दिसणाऱ्या पाण्यावर नाही, येणाऱ्या भरतीच्या पाण्यावर. पाणी चढतं तेही एका वेगानं नाही. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. नांगर सुटायचा तो बहुतेक याच वेळात, किंवा प्रवाह उलटताना.

मग सरळ भरपूर दोर सोडून का देत नाहीत? इथे शेजारी आडवे येतात. दोर जितका लांब तितकी होडी मोठ्या घेरात फिरते. भरतीला तिची नाळ एका बाजूला, ओहोटीला दुसऱ्या बाजूला. सगळ्या होड्या एकदम फिरल्या तर काही बिघडत नाही, पण तसं नेहमी होत नाही. दुपारी खारा वारा जोरावर असतो आणि प्रवाह त्याच्या उलट चालू असतो, तेव्हा खोल बुडाची, मालानं भरलेली होडी प्रवाहाचं ऐकते आणि रिकामी, उंच काठाची होडी वाऱ्याचं. दोघी एकमेकींवर येतात. त्यामुळे मोठी होडी मोठ्यांच्यात, लहान लहानांच्यात, आणि मागून आलेल्यानं आधीच्याच्या घेराबाहेर राहायचं. हा नियम मला कुठल्या फलकावर दिसला नाही, पण त्यावरून वाद झाला तर आधी कोण उभा होता एवढंच विचारलं जातं. नाळेवर जिथे दोर घासतो तिथे जुन्या जाळ्याचं गुंडाळं होतं. तांडेलानं ते हातानं चाचपून पाहिलं. एक खलाशी रात्री होडीवरच राहणार होता, कारण घेर बदलताना लक्ष ठेवणारं कुणीतरी लागतं.

सोयी म्हणाव्यात तर त्याही पाण्याच्या वेळेनं चालतात. बर्फ, डिझेल, पिण्याचं पाणी, सगळं किनाऱ्यावरून लहान होडीनं न्यायचं. मासळी तशीच उलट यायची. उथळ पाण्यात बैलगाड्या उभ्या असतात. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवान गाडीवर उभा. टोपल्या होडीतून गाडीत, गाडीतून वाळूवर. ओहोटीला गाड्यांना लांबवर जावं लागतं, भरतीला किनाऱ्याशीच काम होतं. लिलाव वाळूवर भरतो, त्याची जागाही पाण्याबरोबर वरखाली सरकते. खरेदीला आलेल्या बायका आधी पाण्याची रेघ बघतात आणि मग टोपली ठेवतात. हे सगळं बघायला देखणं असलं तरी फार कष्टाचं आहे. एकच टोपली इतक्या वेळा उचलली जाते की मासळीचा ताजेपणा आणि माणसांची कंबर, दोन्हींना त्याची किंमत मोजावी लागते. जेट्टी हवी, याबद्दल मला शंका नाही. पण ती पाण्याच्या चढउताराला धरून हवी. नुसती उंच काँक्रीटची भिंत बांधली तर ओहोटीला होडी खाली राहील, आणि आखूड बांधलेल्या दोरावर पाणी उतरताना ती लटकेल. पायऱ्यापायऱ्यांचा उतार किंवा पाण्याबरोबर वरखाली होणारा तरता तराफा असेल तर लहान होडीवाल्याला त्याचा उपयोग आहे.

आणि जेट्टीच्याही आधी आंजर्ल्याची खाडी. सुवर्णदुर्गाचा आडोसा रोजच्या वाऱ्याला पुरतो, वादळाला पुरत नाही. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की हर्णैच्या होड्या जवळच्या आंजर्ले खाडीत, जोग नदीच्या मुखात शिरतात. त्या मुखाशी गाळ साचून पाणी उथळ झालं आहे. भरलेली होडी आत जायला भरतीच लागते. बावटा ऐन ओहोटीला लागला तर समुद्र खवळत असताना बाहेर थांबायचं, नाहीतर लाटेवर बसून गाळावरून घुसायचा प्रयत्न करायचा. या मुखाशी होड्या फुटल्या आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं. भरतीचं वेळापत्रक वादळाला सांगता येत नाही, पण गाळ काढता येतो. आणि तो एकदा काढून भागत नाही. नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणते, म्हणून हे काम दरवर्षीच्या खर्चात धरलं पाहिजे. बंदराच्या सोयींची यादी करणाऱ्यांनी दिवे आणि शेड यांच्याआधी हे लिहावं.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, बंदराचं रूप बदलतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या ओढून, शाकारून ठेवायच्या. ओढायचं काम उधाणाच्या भरतीला धरतात, कारण त्या दिवशी पाणी सर्वांत वर येतं आणि होडी तेवढी वरपर्यंत तरंगत जाते. मात्र उधाणाच्या रेघेवर ठेवलेली होडी पुन्हा उधाणालाच तरंगते. बंदी 1 ऑगस्टला उठली आणि त्या दिवशी भांग असला, तर होडी जागची हलत नाही. म्हणून मे महिन्यात ओढतानाच तांडेल पंचांगात ऑगस्टची पुनव-अवस बघून ठेवतो. ती लगेच पडत असेल तर होडी वरपर्यंत घेतो. उशिरा पडत असेल तर थोडी खाली ठेवून जास्तीचे दोर लावतो आणि पावसाळाभर तिच्यावर नजर ठेवतो.